जागा दोन

मसुदा प्रशासनाकडून परत आला,
'माळरान' या शब्दाभोवती लाल गोल.
बाजूला शेरा: पडीक जमीन असे लिहावे.

मी परत माळरान लिहिते.
जागा दोन. एक पीएच.डी. करू पाहणाऱ्यासाठी,
एक पीएच.डी. होऊनही कुठेच न चिकटलेल्या कुणासाठी.
कालावधी अकरा महिने, निधी आल्यास पुढे.
'निधी आल्यास' टाइप करताना
बोटं आता कीबोर्डकडे बघतसुद्धा नाहीत.

कामाचं स्वरूप काय लिहू?
केगावहून निघायचं पहाटे, नान्नजच्या पुढे उतरायचं,
गवतावर एक मीटरची चौकट ठेवायची
आणि आत काय आहे ते मोजायचं.
पवन्याचे किती ठोंब, कुसळीचे किती,
लेंडी काळविटाची की मेंढीची.
मग चौकट उचलायची, दहा पावलं, पुन्हा ठेवायची.
दिवसाला चाळीस वेळा.

मुलाखतीला येणारा प्रत्येक जण माळढोकाबद्दल बोलतो.
डोळे पाणावतात एखाद्याचे.
मी विचारते, मुंग्यांची वारुळं मोजाल?
आणि खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहतो.

माझ्या चौकटीचे कोपरे चादरीच्या सुतानं बांधलेत,
वडिलांनी, यंत्रमाग विकला त्या वर्षी.
उरलेली एक कोन होती, लाल.
अम्मा विडी घरकुलात दिवसाला हजार विड्या वळायची,
चेकर शंभरातल्या आठ-दहा बाजूला फेकायचा, हसत.
मोजणं आमच्या घरात मजुरीचं होतं.
म्हणून फेलोशिप सात महिने थकली तेव्हा
तिनं एवढंच विचारलं,
त्या गवताचा शेठ कोण आहे गं?

अर्ज सत्तावीस आले.
एकाचा बायोडेटा एकोणीस पानी, फोटोत हिमालय.
शेवटचा मेल रेवणसिद्ध वाघमोडेचा, एका ओळीचा:
मॅडम मला नेट नाही.
मला वाटलं, रेंजबद्दल सांगतोय.

तो मुलाखतीच्या आदल्या दिवशीच आला,
तारीख चुकून. घालवून कसं देणार,
म्हणून घेतलं सोबत माळावर.
पाण्याची बाटली, फाइल, पायात प्लास्टिकचे बूट.
अकराव्या चौकटीपर्यंत तो काही बोलला नाही.
नंतर मान खाजवत म्हणाला,
"मॅडम, राग येऊ देऊ नका.
तुमी दर टायमाला उताराकडंच जायलाव."

मी मागे वळून बघितलं.
माझी पावलं पडलेल्या गवतात दिसत होती,
सरळ जायचं ठरवून
जराशी, अगदी जराशी ओघळीकडे वळलेली.
वर मुरमाड टेकाड होतं, पाय घसरतात तिथं,
उन्हात डोळे दिपतात.
"अंडी तितंच असत्यात की," तो म्हणाला,
"धाविकेची. खडं नि अंडं एकसारखंच दिसतंय."

नऊ वर्षं.
चार शोधनिबंध, एकात 'यादृच्छिक नमुना' हा शब्द सहा वेळा.
मी खाली बसले. कुसळं साडीत शिरली,
ती काढत राहिले एकेक, तेवढंच सुचलं.
तो चौकट काखेत मारून टेकाडावर चढला होता,
वरून ओरडून विचारत होता
कुठं ठेवू.

रात्री मी मसुदा पुन्हा उघडला.
अर्हता: नेट अथवा समकक्ष.
'समकक्ष'वर कर्सर लुकलुकत राहिला.
अम्माचा फोन आला, जेवलीस का,
कडक भाकरी नि शेंगाचटणी पाठवते म्हणाली.
मी म्हटलं, अम्मा, नऊ वर्षांचं मोजमाप तिरकं निघालं.
ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, छाट काढून टाक. बाकीच्या चालतात.

माळरान तसंच ठेवलं.
'समकक्ष'पुढे एक ओळ वाढवली,
ती ते खोडतील, लाल गोल घालतील,
मी परत लिहीन.
उद्या साडेदहाला मुलाखती.
रेवणसिद्धला सांगितलंय, दहालाच ये,
आणि बूट धुऊ नकोस.